दिवाळीतलं दान, आषाढातली भूक

हरसूलच्या बाजारात श्रावणात कोण काय विकतं ते राहू द्यावं, कोण किती घेतं ते बघत उभं राहावं. पावसाची झड लागलेली. निळ्या ताडपत्र्यांखाली सुकट-बोंबलाचे ढीग, जाड्या मिठाच्या पिशव्या, लाल मिरची, प्लास्टिकच्या चपला. एका कडेला रानातून आणलेली करटोली आणि कुर्डूच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं आणि दहाची मिरची, वाटीभर सुकट, पावशेर तेल, पाव किलो मसूर असं मागतं. किलोच्या मापाला या दिवसांत फारसं काम नसतं. धान्याच्या दुकानापाशी एक बाई थांबली, तिने नागलीचा, म्हणजे नाचणीचा भाव विचारला आणि ती काही न घेता पुढे गेली. दुकानदाराने मला सांगितलं, मार्गशीर्षात यायला हवं होतंत. तेव्हा हीच माणसं पाट्या भरभरून नागली इथे घालून जातात. तेव्हाच्या आणि आताच्या भावात केवढा फरक असतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी दिलेला विषय भलामोठा होता. जगात अन्न मुबलक आहे, देणारे हातही थोडे नाहीत, मग भूक संपत का नाही? आकडे बघितले तर प्रश्न आणखी टोचतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं भुकेली होती. आणि त्याच संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा हिशेब असा, की २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. माणसांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणजे बेरजेच्या हिशेबात भूक कधीच मिटायला हवी होती.

दिवाळी अंकाचे लेख आषाढ-श्रावणात लिहावे लागतात, एवढ्याच कारणाने मी हरसूलला भर पावसात पोचले. विषयाची गोम त्या मुहूर्तातच होती, हे तिथे गेल्यावर उमगलं.

भरल्या कणगीचे दिवस

हरसूल हे नाशिकपासून साठेक किलोमीटरवरचं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं गाव. पुढे गुजरातची सीमा लागते, एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला मोखाडा-जव्हारचे डोंगर. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासींचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले, आणि त्या सगळ्यांचा बाजार, दवाखाना, बँक, कॉलेज हरसूलला. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, वाहून पश्चिमेच्या नद्यांना मिळतो, आणि फाल्गुनात बायका हंडे घेऊन झिऱ्यापाशी रांगेत बसतात.

खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, जोडीला उडीद आणि खुरासणी. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाला त्यात बी टाकायचं, रोप वीतभर झालं की आवणी. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावण्याचं काम बहुतेक बायकांचं. पीक हाताशी येतं ते आश्विन-कार्तिकात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. वाघदेवाला शेंदूर लावून, नैवेद्य दाखवून गुराख्यांचा आणि गुरांचा सण होतो. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय खायचं नाही हा इथला दंडक. कोकणा लोकांची धान्याची देवी कन्सरा. तिची कथा थाळीवर घुमवलेल्या काडीच्या सुरात रात्रभर गातात. खळ्यावर मळणी होते, शेणाने सारवलेली बांबूची कणगी भरते.

म्हणजे वर्षातून जर कधी या डोंगरात घराघरांत धान्य असेल, तर ते दिवाळीच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत.

आणि नेमक्या याच दिवसांत शहरातून टेम्पो येतात. फराळाची पाकिटं, ब्लँकेटं, जुने कपडे, मुलांना फटाके नि वह्या. एका शिक्षकाने मला समजावून सांगितलं, की दिवाळीत एकेका पाड्यावर तीन-तीन मंडळं येतात, कारण तो डांबरी रस्त्याला लागून असतो. ओहोळापलीकडच्या पाड्यावर कोणी जात नाही, कारण टेम्पो जात नाही. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. मुलं चकली आनंदाने खातात, म्हाताऱ्यांना थंडीत ब्लँकेट लागतंच. पण देणाऱ्याचा सण आणि घेणाऱ्याची नड यांचं पंचांग एक नाही. आठ महिन्यांनी, रोप लावून होतं आणि कणगीचा तळ दिसू लागतो, तेव्हा रस्त्यावर एकही टेम्पो नसतो.

भुकेचं पंचांग

पाड्यावरच्या एका आजीने मला कडूकंदाची रीत सांगितली. कंद खणून आणायचा, साल काढून पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या. मग टोपलीत भरून, वर दगड ठेवून, वाहत्या ओहोळात रात्रभर सोडायच्या. सकाळी चव बघायची. कडू लागलं तर परत पाण्यात. घाई केली तर घसा खाजतो, ओकाऱ्या होतात. तिच्या लहानपणी आषाढात दिवसचे दिवस घर यावर काढायचं. आता कोणी एवढा उपद्व्याप करत नाही, रेशनचा तांदूळ असतो, असं ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने पुस्ती जोडली, की तांदूळ असतो, पण त्याच्याबरोबर काय असतं ते विचार.

त्या पुस्तीत खरी गोष्ट आहे. आज हरसूलच्या भागात चूल दिवसेंदिवस पेटत नाही अशी भूक सहसा दिसत नाही. दिसते ती चोरपावलांची भूक. भात आहे, मीठ-मिरची आहे. डाळ पातळ होत होत पाणी झालेली. दूध नाही, अंडं क्वचित, तेल थेंबभर. शेवळा, कोळी, लोत, बांबूचे वासते या रानभाज्यांनी आषाढ तरून जातो, पण त्या गोळा करायला जे जंगल लागतं ते उतारावर विरळ झालेलं. त्यात आवणीच्या दिवसांत अंगमेहनत वर्षातली सगळ्यात जास्त, आणि गढूळ पाण्यामुळे जुलाब-तापही याच दिवसांत. खर्चायची ताकद वाढते, मिळायची घटते आणि आजारपण उरलेली चोरून नेतं. आषाढ, श्रावण, भाद्रपद या तीन महिन्यांत हे तिन्ही एकत्र गाठतात.

या तीन महिन्यांवर पूर्वी सावकार जगायचा. पावसाळ्यात पायलीभर धान्य द्यायचं आणि सुगीला त्याच्या बदल्यात उभ्या पिकावर हात ठेवायचा. या पद्धतीला इथे पालेमोड म्हणत. ती मोडण्यासाठीच सरकारने १९७६ साली आदिवासींचा माल सरकारी खरेदीत आणायचा कायदा केला आणि १९७८पासून पावसाळ्यात खावटी, म्हणजे खाण्यापुरतं, कर्ज द्यायला सुरुवात केली. हे काम ज्या आदिवासी विकास महामंडळाकडे आलं ते १९७२चं, मुख्यालय नाशिकलाच. कोरोनाच्या काळात, २०२०मध्ये, खावटीचं अनुदान झालं: कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्यांच्या वस्तू. कडधान्यं, डाळी, शेंगदाणा तेल, साखर, मसाला, मीठ, चहा. यादी करणाऱ्याला भुकेची जाण होती, कारण तिच्यात तांदूळ नव्हता. पण कल्पना कितीही शहाणी असली तरी खावटी आषाढात पोचली तरच ती खावटी. दिवाळीनंतर पोचलेल्या खावटीला फराळाचीच कळा येते.

गिरणाऱ्याचा नाका

नाशिकहून हरसूलला जाताना गिरणारे लागतं, पुढे वाघेऱ्याचा घाट. मुबलकता म्हणजे काय हे बघायचं असेल तर गिरणाऱ्याला पहाटे उतरावं. इथे दोन बाजार भरतात. एक टोमॅटोचा: क्रेटच्या थप्प्या, ट्रक, परराज्यांतले व्यापारी. दुसरा माणसांचा. हरसूल आणि पेठच्या बाजूने जीपगाड्या भरभरून मजूर येतात, नाक्यावर उभे राहतात. बागायतदार मोटारसायकलवरून, पिकअपमधून येतात, रोज ठरतो, माणसं चढतात. द्राक्षाची छाटणी, डिपिंग, विरळणी, टोमॅटोची तोडणी. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे असे उतरतात. काही रोज येऊन-जाऊन, काही चार-पाच महिने मळ्यातच झाप टाकून.

देशातली सगळ्यात मोठी द्राक्षशेती आणि लासलगावसारखी कांद्याची पेठ असलेला हा जिल्हा. इथे पिकाचा तुटवडा हा प्रश्नच नाही. प्रश्न असतो तो पीक अंगावर येण्याचा. २०१८च्या अखेरीस निफाडच्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये रागाने पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. २०२३च्या मे महिन्यात टोमॅटो तोडणीलाही परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला, आणि दोन महिन्यांत त्याच टोमॅटोने शहरात किलोला शंभरी ओलांडली. ओतलेला टोमॅटो आणि पाड्यावरची पातळ डाळ यांच्यात अंतर जेमतेम एका घाटाचं. पण तो घाट टोमॅटो चढत नाही, कारण वर विकत घेणारा नाही. खिशात पैसा असेल तिथेच माल जातो. बाजाराला पोट कळत नाही, मागणी कळते, आणि भुकेल्या माणसाची भूक कितीही मोठी असली तरी पैशावाचून ती मागणी होत नाही.

हे अमर्त्य सेन यांनी १९८१च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरून दाखवलं. तेव्हा धान्य अजिबात नव्हतं असं नाही. शेतमजूर, मच्छीमार, छोटे कारागीर यांच्या हातातून ते मिळवण्याची ताकद निसटली आणि लाखो माणसं मेली. गिरणाऱ्याच्या नाक्यावर हे पुस्तक न वाचताही कळतं. ज्या दिवशी पाऊस आहे त्या दिवशी काम नाही. काम नाही त्या दिवशी बाजारातलं पावशेर तेल छटाकावर येतं.

टेप, वजनकाटा आणि अंडं

भूक मोजायची जागा म्हणजे अंगणवाडी. पाड्यावरची खोली, भिंतीवर फळांची चित्रं, कोपऱ्यात टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटं. सेविकाताई एका मुलाच्या डाव्या दंडाला टेप गुंडाळते. हिरवा पट्टा आला तर ठीक. साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मधे पिवळा. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. ते मूल रडत नव्हतं, खेळतही नव्हतं. आईच्या मांडीवर बसून टेपकडे बघत होतं. टेप पिवळ्यावर थांबला. ताईने वहीत नोंद केली आणि आईला विचारलं, की मळ्यावरून कधी परत आलात? जेठात, असं आई म्हणाली. ताईने वहीची मागची पानं उलटली. त्याच मुलाची दिवाळीआधीची नोंद हिरव्यात होती.

स्थलांतराचा हिशेब असा वहीत दिसतो. मूल मळ्यावर गेलं की इथली अंगणवाडी सुटते आणि तिथली मिळतेच असं नाही. आई दिवसभर बागेत, मोठी बहीण धाकट्याला सांभाळणार, ती स्वतः आठ वर्षांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५ टक्क्यांहून जास्त मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. राज्य श्रीमंत, धान्याची कोठारं भरलेली, तरी हे आकडे. कागदावर यातलं कोणी भुकेने मरत नाही. न्यूमोनियाने मरतं, जुलाबाने मरतं, जन्मतःच कमी वजनाने मरतं. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून पंचवीसेक वर्षांपूर्वी हेच राज्यापुढे मांडलं होतं, की बालमृत्यू आधी नीट मोजा तरी. त्याच्याही आधी, १९९२-९३मध्ये, इथून डोंगरापलीकडच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून अधिक मुलं दगावली आणि सरकार हादरलं. पावसाळ्यापूर्वी दुर्गम पाड्यांवर धान्य, औषधं, डॉक्टर पोचवणारी नवसंजीवन योजना त्यातूनच १९९५ साली आली. तिचं वैशिष्ट्य काय, तर ती पावसाळ्याच्या आधी जागी होते. भुकेचं पंचांग वाचून आखलेली ती योजना.

अंगणवाडीतली दुसरी योजना २०१५ची, अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा गरम चौरस जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. पुढच्या वर्षी लहान मुलांनाही अंडं-केळं सुरू झालं. मी गेले तेव्हा दोन गरोदर बायका चिखल तुडवत जेवायला आल्या होत्या. एकीने अंडं सोलून अर्धं खाल्लं आणि अर्धं पदराला बांधलं. घरी थोरला होता. ताईने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. जेवण इथेच बसून खायचं असा नियम आहे, कारण घरी नेलं की ते सगळ्यांत वाटलं जातं आणि पोटातल्या बाळाला काही उरत नाही. नियम बरोबर आहे आणि आईही बरोबर आहे. योजनेचा निधी उशिरा आला, की गावातल्या दुकानात अंड्यांची उधारी ताईच्या नावावर चढते, हे तिने हसत सांगितलं. राज्याची एक मोठी योजना अधूनमधून मानधनावर राबणाऱ्या बाईच्या उधारीवर चालते, हा दानाचा प्रकार कोणत्याही पावतीपुस्तकात नोंदला जात नाही.

पगारातले दोनशे रुपये

दान की हक्क, हा वाद जुना आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं खुली केली आणि विठोबाने विठू महाराच्या रूपात जाऊन रक्कम भरली, ही कथा मराठी मनाला भिडते, कारण तीत धान्य होतं आणि कुलूपही होतं. १८७७च्या दुष्काळात सत्यशोधकांनी अन्नछत्रं उघडली, धनकवडीला मुलांसाठी आश्रम चालवला. सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न हेच देवाचं काम मानलं. हरसूलच्या तालुक्याच्या गावी, त्र्यंबकला, निवृत्तिनाथांच्या यात्रेत हजारो वारकरी जेवतात, आणि येत्या सिंहस्थात तर अन्नछत्रांना तोटा असणार नाही. तिथल्या पंगतीत नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, अंगठाही लावावा लागत नाही. अन्नदानाची ही रीत थोर आहे. पण पंगतीपर्यंत चालत यावं लागतं, आणि पंगत उठली की दुसऱ्या दिवशीचं पोट ज्याचं त्याच्याकडे.

१९७२ साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बंगालमधल्या निर्वासितांची उपासमार समोर होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तळ्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे भिजतील म्हणून आपण थांबत नाही, मग दूरच्या देशातल्या भुकेल्या मुलासाठी पैसे देणं ही मेहेरबानी कशी, ते कर्तव्यच. जगभरच्या दातृत्वाच्या चळवळींनी पुढे या निबंधाचा आधार घेतला. योगायोग असा, की त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. आजही साठी-सत्तरीतली माणसं अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी आठवतात. ती दानाची बाजू. पण महाराष्ट्र तगला तो मुख्यतः कामावर. १९७३च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत, नालाबांध घालत, रस्ते करत होती. हातात मजुरी आली, मजुरीमागे धान्य आलं. ज्याँ द्रेज यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. पिकं बुडूनही उपासमारीने माणसं मोठ्या संख्येने मेली नाहीत, ती या कामांमुळे.

त्यामागची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५मध्ये तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा प्रयोग केला होता. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ला मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर १९७५च्या व्यवसाय कराने दिलं. हा अंक वाचणाऱ्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात असते, तिचा उगम तिथे आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या हाताला काम द्यायचं, राज्याने आपला वाटा घालायचा. देणाऱ्याला कौतुक नाही, घेणाऱ्याला हात पसरणं नाही, फोटो नाही. देशाने २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला तो याच अनुभवावरून. महाराष्ट्राने जगाला दिलेलं सगळ्यात मोठं अन्नदान बहुधा हेच, आणि त्याला कोणी दान म्हणत नाही.

न उमटणारा ठसा

हक्काचीही बाजू उलटून बघायला हवी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्काचं झालं. २०२३पासून ते फुकट आहे. देशातली ८० कोटींच्या आसपास माणसं या कायद्याखाली येतात. त्याआधी, २००१मध्ये, गोदामं भरून वाहत असताना राजस्थानात लोक उपाशी का, असा सवाल घेऊन पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती, आणि शाळेतल्या गरम जेवणापासून अंगणवाडीपर्यंतचे आदेश त्या खटल्यातून आले.

हरसूलच्या परिसरात हा हक्क रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या मशीनच्या काचेवर येऊन अडतो. नागलीच्या आवणीने आणि द्राक्षाच्या डिपिंगने बोटांच्या रेषा झिजतात, ठसा उमटत नाही. ठसा उमटला तर रेंज नसते. मग दुकानदार मशीन घेऊन टेकाडावर जातो आणि मागोमाग माणसं. नवी सून कार्डावर चढायला वर्षं जातात, जन्मलेल्या मुलाचं आधार नसतं. मळ्यावर गेलेलं कुटुंब तिथल्या दुकानातून रेशन घेऊ शकतं, ही सोय आहे, पण माहीत किती जणांना? आणि जे मिळतं ते तांदूळ आणि गहू. नागली या लोकांच्या खाण्यातलं खरं बळ. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या मागेपुढे. शिवाय कणगीत नागलीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २०२३ हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, केंद्राने २०२५-२६साठी नागलीला क्विंटलला ४,८८६ रुपयांचा हमीभाव जाहीर केला, शहरात नाचणीची बिस्किटं महागड्या खोक्यांत दिसू लागली. पण हरसूलच्या आईच्या पानात फुकटच्या तांदळाने नागलीची जागा घेतली. कष्टाची आवणी टाळून मळ्यावर गेलं की रोख हातात पडते, तांदूळ रेशनवर मिळतोच. तिचा हिशेब चुकीचा नाही. पण त्याची किंमत दंडावरच्या टेपवर उमटते.

मग द्यायचं तरी काय?

यावर उत्तर शोधताना मला धान्य बँक पुन्हा पुन्हा आठवली. कल्पना साधी. सुगीला प्रत्येक घराने पायली-दोन पायली धान्य एका कोठीत घालायचं. आषाढात ज्याला नड असेल त्याने न्यायचं. पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करायचं. केंद्र सरकारने १९९६-९७पासून आदिवासी भागासाठी ही योजना राबवली. कुठे कोठीला उंदीर लागले, कुठे चावी एकाच घरात राहिली, कुठे रेशन स्वस्त झाल्यावर परतफेडच थांबली. पण तिचं मर्म पक्कं होतं: कार्तिकातली मुबलकता आषाढापर्यंत धरून ठेवायची, आणि तीही सावकाराच्या हातात न देता. पालेमोडीचं नेमकं उलटं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्यावर बोर्डिंगं चालवली, विनोबांनी घरोघरी सर्वोदय पात्र ठेवायला सांगितलं; मूठभर धान्याची सवय इथल्या मातीला नवी नाही. आज कोठीत तांदूळ नको, डाळ, तेल आणि नागली हवी, एवढाच बदल.

नाशिकची प्रगती अभियान ही संस्था या पट्ट्यात रोजगार हमीची कामं मिळवून देण्यावर आणि नागलीची शेती पुन्हा उभी करण्यावर काम करते. सोशल नेटवर्किंग फोरमने पाड्यांवर पाणी नेलं, म्हणजे हंड्यात जाणारे बायकांचे तास वाचवले. बाएफ या संस्थेने पेठ-सुरगाण्यापासून जव्हारपर्यंत आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. यातल्या कशालाच अन्नदान म्हणत नाहीत, पण प्रत्येकाने कणगीचा तळ थोडा उशिरा दिसेल अशी सोय केली. दानाचं खरं क्षेत्र मला इथे दिसतं. पोट भरण्याचं रोजचं काम दानाने होत नाही, ते हक्कानेच व्हायला हवं. ८० कोटींचं पोट कोणत्याही ट्रस्टला झेपणारं नाही. पण हक्क आणि माणूस यांच्यात जो चिखलाचा ओहोळ आहे त्यावर साकव टाकायला दान पुरतं. ठसा न उमटणाऱ्यांची यादी करून तहसीलला खेपा घालणारा पोरगा, कार्डावर नाव चढवायच्या कागदांचा खर्च, मळ्याजवळ मुलांसाठी चार महिन्यांची पाळणाघरं, अंडी उधारीवर आणणाऱ्या ताईपाशी पावसाळ्यापुरती आगाऊ रक्कम, पाड्यावर नागली दळायची एक चक्की. यातलं काही फोटोत नीट येत नाही. कागदांच्या खर्चावर देणाऱ्याचं नाव कोरता येत नाही.

निघताना त्या शिक्षकाला मी विचारलं, की दिवाळीत येणाऱ्यांना काय सांगू? या म्हणावं, असं तो म्हणाला. फराळ आणा, मुलं वाट बघतात. पण येण्याआधी एक फोन करा, ओहोळापलीकडे चालत चला, आणि जे द्यायचं त्यातला निम्मा भाग पावसाळ्यासाठी मागे ठेवा.

तेव्हा हा अंक चाळताना फराळाचं ताट बाजूला सारून कोणाला काही द्यावंसं वाटलं, तर जरूर द्यावं. फक्त चेकवर तारीख पुढच्या आषाढाची घालावी.